स्टुटगार्टला जातोय: वेगळे हिवाळी टायर खरंच लागतात का, की ऑल सीझनवर भागेल?

औंधकर
नमस्कार मंडळी. कंपनीतर्फे दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला चाललोय, ऑक्टोबरअखेर निघायचं, बायको आणि लहान मुलगी बरोबर. तिथे ओळखीतल्या एकांची सेकंडहँड हॅचबॅक जवळजवळ ठरलीये, टायर साइज २०५/५५ आर १६. टायरवर एम प्लस एस लिहिलंय आणि ते म्हणतात ऑल सीझन आहेत, बारा महिने चालतात, काही करायला नको. तिकडचे सहकारी मात्र ठामपणे सांगतायत की वेगळा हिवाळी सेट घेच. म्हणजे चार टायर, चार रिम आणि वर ते ठेवायला जागा. कात्रज, वरंध, ताम्हिणी भर पावसात चालवलेत पण बर्फावर चाक कधी टेकवलेलं नाही, त्यामुळे यात किती तथ्य आणि किती नुसती तिकडची शिस्त ते मला ठरवता येत नाहीये. ज्यांनी तिकडे हिवाळे काढलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

श्वाबन_रिटर्न
औंधकर, आधी एक काम करा. त्या मालकांना चारही टायरच्या साइडवॉलचा, म्हणजे बाजूच्या भिंतीचा, फोटो पाठवायला सांगा. एम प्लस एसच्या शेजारी तीन शिखरांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी असं चिन्ह आहे का ते बघा. ते असेल तरच पुढची चर्चा.

एम प्लस एस म्हणजे चिखल आणि बर्फ, पण ते कंपनीने नक्षीच्या ठेवणीवरून स्वतःच लिहायचं असतं, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. डोंगर-चांदणीसाठी द्यावी लागते, एका ठरलेल्या नमुना टायरपेक्षा बर्फावर जास्त पकड दाखवावी लागते. जर्मनीत २०१८ पासून बनलेल्या टायरला हिवाळी म्हणून मान्यता हवी तर हे चिन्ह लागतंच, आणि त्याआधी बनलेल्या नुसत्या एम प्लस एसवाल्यांची सवलत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. म्हणजे चिन्ह नसेल तर बर्फ पडलेल्या दिवशी ती गाडी रस्त्यावर काढणंच बेकायदा आहे. दंड ६० युरो आणि ड्रायव्हरच्या नावावर एक पेनल्टी पॉइंट, वाहतूक अडवलीत तर ८०, आणि गाडी ज्याच्या नावावर त्यालाही वेगळा दंड. दंडापेक्षा मोठं म्हणजे अपघात झाला तर इन्शुरन्सवाले टायर बघतात.

आणखी एक, तिथे अमुक तारखेपासून लावा असा नियम नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ, दव गोठून काचेसारखा झालेला थर असेल तर योग्य टायर हवेत, मग महिना कुठलाही असो. लोक ऑक्टोबर ते ईस्टर असा ठोकताळा धरतात. ऑस्ट्रियात तारखा आहेत, १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, आणि तिथे हिवाळी टायरची नक्षी किमान ४ मिमी लागते. तुम्ही स्टुटगार्टहून ऑस्ट्रियाला नक्की जाणार, सगळेच जातात, म्हणून आत्ताच सांगतो.

चारचाकी_प्रेमी
एवढं कशाला, ऑल व्हील ड्राइव्ह घ्या ना सरळ. चारही चाकांना पॉवर असली की बर्फात काही होत नाही, यूट्यूबवर डोंगर चढणारे किती व्हिडिओ आहेत.

वेताळ_टेकडी
चारचाकी_प्रेमी, हा समज फार पसरलाय म्हणून जरा लांबण लावतो. ऑल व्हील ड्राइव्हने गाडी जागची निघते, चढ चढते, हे खरंय. पण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना त्या ड्राइव्हचा फायदा शून्य. थांबायचं आणि वळायचं ते टायर आणि रस्त्यामधल्या घर्षणावर, आणि टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. उलट फोर बाय फोर सहज पळते म्हणून माणसाला वाटतं ग्रीप आहे, आणि वळणावर कळतं की नव्हती.

गणित करून बघा. थांबायचं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले घर्षणांक गुणिले गुरुत्वाची दुप्पट. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ धरा, गाडी १२ मीटरमध्ये थांबते. दाबून बसलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरला ०.३ मिळाला असं धरा, ३३ मीटर. तिथेच थंडीने कडक झालेल्या टायरला ०.२ मिळाला तर ४९ मीटर. आणि आइसवर, म्हणजे गोठलेल्या पाण्याच्या कडक थरावर, ०.१ आला तर ९८ मीटर, एवढ्यात तुम्ही अख्खा चौक ओलांडून पलीकडे गेलेले असता. यात तुमचा रिअ‍ॅक्शन टाइम धरलेलाच नाही. आकडे टायर, तापमान, बर्फ याप्रमाणे इकडेतिकडे होतात, पण ०.२ आणि ०.३ मधला फरक कागदावर दिसतो तेवढा किरकोळ नसतो, तो १६ मीटरचा असतो, म्हणजे चार गाड्यांची लांबी. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, स्टिअरिंग हातात ठेवतं, पण नसलेलं घर्षण ते कुठून आणणार.

नानापेठ_टायरवाले
वेताळ साहेबांनी बरोबर सांगितलं. मी दुकानदार माणूस, बर्फात गाडी चालवली नाही पण रबर ओळखतो. आपल्याकडचा टायर उन्हाळ्यात डांबर तापलेलं असताना झिजू नये, फुगू नये या हिशोबाने कडक रबरचा असतो. थंडीत खोबरेल तेल बाटलीत जसं थिजतं तसंच त्या रबरचं होतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. ते रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत दबून बसत नाही, नुसतं वरून सरकतं. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबर जास्त, ते गारठ्यातही मऊ राहतं.

दुसरी गोष्ट नक्षी. हिवाळी टायरचं प्रत्येक बटण, म्हणजे नक्षीतला रबरचा ठोकळा, बघा, त्यावर ब्लेडने चिरल्यासारख्या नागमोडी बारीक चिरा असतात, सगळ्या टायरभर शेकड्यांनी. गाडी चालताना त्या उघडतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. गिऱ्हाईक म्हणतं नक्षी खोल आहे ना मग झालं. नुसतं खोल असून चालत नाही, चिरा पाहिजेत आणि रबर मऊ पाहिजे, तिन्ही एकत्र आलं तर तो हिवाळी टायर. म्हणूनच आपल्याकडचा ऑफरोडचा दांडगा बटण टायर चिखलात राजा असला तरी आइसवर त्याचा भरवसा धरू नये.

औंधकर
काका, मग नक्षीत बर्फ अडकून बसला तर ग्रीप कमी होत असेल ना? चिखलात तसंच होतं.

वेताळ_टेकडी
इथे उलटं आहे! बर्फ बर्फाला चिकटतो, हाताने गोळा करताना होतो तसा. हिवाळी टायरच्या खाचा मुद्दाम थोडा बर्फ धरून ठेवतात आणि तो खालच्या बर्फाला पकडतो. रबर थेट बर्फावर घासण्यापेक्षा ही पकड चांगली असते. म्हणून तर नक्षी ४ मिमीच्या खाली गेली की हिवाळी टायर बर्फात निकामी धरतात, जर्मन कायद्याची मर्यादा १.६ असली तरी. नवा साधारण ८ मिमीचा येतो, म्हणजे वापरायला अर्धाच मिळतो, हा हिशोब किमतीत धरा.

मॉन्ट्रियल_मिसळ
मी कर्वेनगरची, आता बरीच वर्षं मॉन्ट्रियलला. आमच्या क्युबेकमध्ये २००८ पासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत, आता १ डिसेंबर ते १५ मार्च, दंड २०० ते ३०० डॉलर. कॅनडाच्या बाकी प्रांतांत एवढा कडक नियम नाही, पण इथे आल्यावर मला तरी कुणी जबरदस्ती करतंय असं वाटलं नाही, कारण जानेवारीत घरासमोरच्या उतारावर उभं राहून बघितलं की कुठल्या गाडीला कुठले टायर आहेत ते लांबून कळतं.

मला सांगायचंय ते असं की बर्फ आणि आइस हे दोन वेगळे शत्रू आहेत आणि आपण पुण्यात दोन्हीला बर्फच म्हणतो. ताजा भुसभुशीत बर्फ दिसतो तरी, त्यात चाकं रुततात, लोक आपोआप हळू जातात. आइस दिसत नाही. काळ्या डांबरावर पातळ थर, वाटतं रस्ता नुसता ओला आहे. पुलांवर आधी धरतो कारण खालूनही गार वारा लागतो, आणि सावलीतल्या वळणांवर. आणि गंमत म्हणजे उणे २० ला आइस तुलनेने बरा असतो, कोरडा असतो, सगळ्यात वाईट शून्याच्या आसपास, कारण वर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो आणि टायर त्यावर तरंगतो. त्यामुळे "आज काय फारशी थंडी नाही" असं म्हणून निघू नका, तोच दिवस घातक. पाऊस पडता पडता गोठतो त्या दिवशी तर कुठलाही टायर असो, आम्ही गाडी काढतच नाही.

आणि डोंगर-चांदणीची चाचणी दाबलेल्या बर्फावर होते, आइसवर नाही. युरोपात मे २०२१ पासून टायरच्या लेबलवर आइसचं वेगळं चिन्ह आलंय, ते सगळ्या हिवाळी टायरांना नसतं. दुकानात विचारा.

श्वाबन_रिटर्न
ताईंनी छान मुद्दा काढला, पण औंधकर, इथेच लोक गडबडतात, ती टाळा. हिवाळी टायरमध्ये दोन जाती आहेत. एक कॅनडा-फिनलंडवाली, अगदी मऊ रबर, कमी वेगमर्यादा, आइससाठी बनवलेली. दुसरी मध्य युरोपची, थोडी घट्ट, ओल्या रस्त्यावर आणि ऑटोबानच्या, म्हणजे तिकडच्या हायवेच्या, वेगाला तोलून धरणारी. स्टुटगार्ट शहर खोलगट वाडग्यात वसलंय, तिथे हिवाळ्यात बर्फापेक्षा पाऊस आणि ३-४ अंशाचा ओला गारठा जास्त. त्यात ताईंच्या इथला मऊ टायर लावून ऑटोबानवर गेलात तर ओल्यात ब्रेकचं अंतर वाढेल आणि टायर लवकर झिजेल. तुम्हाला दुसरी जात हवी. स्पीड इंडेक्स, म्हणजे टायरला झेपणारा कमाल वेग, एच म्हणजे ताशी २१० किमी घ्या, किंवा टी म्हणजे १९० चालेल. गाडीच्या कागदावरच्या वेगापेक्षा टायरचा वेग कमी असेल तर ड्रायव्हरला दिसेल असं त्या वेगाचं स्टिकर आत लावावं लागतं, दुकानवाले देतात.

७ अंशाचं सगळे सांगतात, ७ च्या खाली हिवाळी, वर उन्हाळी. ठोकताळा म्हणून ठीक आहे, पण ७ ला काही खटका पडत नाही. कोरड्या रस्त्यावर ५ अंशाला चांगला उन्हाळी टायरही नीट थांबतो. फरक ओल्यात दिसायला लागतो आणि बर्फात तर उघडाच पडतो.

कोथरूडची_मी
मी गाडीतलं फार कळणारी नाही पण धागा वाचून राहवलं नाही. माझा मुलगा टोरंटोजवळ ब्रॅम्प्टनला शिकतोय, मित्रांनी मिळून जुनी सेडान घेतलीये, आणि पैसे वाचवायला दोनच हिवाळी टायर पुढे लावणार म्हणतोय, गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून मागे गरज नाही असं त्याला कुणी सांगितलंय. हे बरोबर आहे का हो? मला काळजी वाटते.

मॉन्ट्रियल_मिसळ
काकू, अजिबात नाही, त्याला आज रात्रीच फोन करा. पुढे पकड आणि मागे नाही असं झालं की वळणावर किंवा ब्रेक मारताना पुढचा भाग थांबतो आणि मागचा भाग पुढे यायला बघतो, गाडी जागच्या जागी गरकन फिरते. नवख्या मुलाला ती सावरता येत नाही. दोन लावण्यापेक्षा चार सारखे जुने टायर परवडले, तेही पुढे-मागे सारखे वागतात तरी. चार नवे परवडत नसतील तर चांगली नक्षी शिल्लक असलेला वापरलेला सेट इथे भरपूर मिळतो, सीझन संपल्यावर लोक विकतात. फक्त साइडवॉलवरचे चार आकडे बघायला सांगा, ३२२३ म्हणजे २०२३ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही असली तरी फार जुना नको, रबर वयाने कडक होतं. आणि ऑन्टॅरियोत हिवाळी टायर असतील तर इन्शुरन्स कंपनीने सूट द्यायचीच असा २०१६ पासून नियम आहे, ती मागायला सांगा, मुलं मागत नाहीत.

कोथरूडची_मी
खूप धन्यवाद गं. सगळं त्याला पाठवते.

स्पितीवेडा
थोडं विषयांतर होईल पण इथे पुण्यातलेही बरेच जण डिसेंबर-जानेवारीत स्वतःची गाडी घेऊन मनालीला, स्पितीला जायचं म्हणतात म्हणून लिहितो. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल टनेल सुरू झाल्यापासून टनेलपलीकडच्या सिस्सू गावापर्यंत हिवाळ्यात पोचता येतं आणि गर्दी प्रचंड वाढलीये. जाणारे सगळे आपल्या रोजच्या टायरवर. पुण्याहून मनाली दोन हजार किमीच्या आसपास, त्यातला जवळजवळ सगळा रस्ता कोरडा आणि आपल्याकडचा भाग तर दुपारी तिशीला टेकलेला, त्यामुळे इथूनच मऊ हिवाळी टायर लावून निघणं शहाणपणाचं नाही, आणि आपल्या साइजमध्ये ते सहज मिळतही नाहीत. आपल्याला चेनच बरी.

चेन मात्र आधी घरी पार्किंगमध्ये लावून बघा. साइजप्रमाणे येते. ज्या चाकांना इंजिनची पॉवर जाते त्यांना लावायची, म्हणजे बहुतेक हॅचबॅकला पुढे. त्यावर ४० च्या पुढे जायचं नाही, आणि बर्फ संपून डांबर लागलं की लगेच काढायची, नाहीतर चेनही जाते आणि टायरही. जास्त बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या बाजूला फक्त फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्या सोडतात, बाकीच्यांना परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. तिथे एक गाडी आडवी झाली की मागे तासन् तास लोक अडकतात, त्यात म्हातारी माणसं असतात, पोरं असतात. उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ब्रेकिंगवर उतरा. स्थानिक ड्रायव्हर जाऊ नका म्हणाला तर जाऊ नका.

चारचाकी_प्रेमी
समजलं, धन्यवाद वेताळ. एक विचारू? हवा कमी केली की टायर पसरतो आणि ग्रीप वाढते, वाळूत करतात तसं, ते बर्फात चालतं का?

नानापेठ_टायरवाले
रस्त्यावर नको दादा. थंडीत हवा आपोआप कमी होते, तापमान ५-६ अंश उतरलं की साधारण १ पीएसआय जातं. तीस अंशात ३२ भरलेली हवा शून्याला पाहिली तर ५ पीएसआयच्या आसपास कमी दिसेल. त्यात अजून काढली तर टायर मधून दबतो, चिरा मिटतात, कडेने झिजतो. कंपनीने सांगितलेली हवा थंड टायरमध्ये मोजून ठेवायची, थंडीत जरा वरचेवर बघायची.

औंधकर
फोटो आले! नुसतं एम प्लस एस आहे, डोंगर नाही, आणि आकडे १९१७. म्हणजे हिवाळ्यासाठी बादच. बरं झालं विचारलं. आता दोन पर्याय दिसतायत: चिन्हवाले चांगले ऑल सीझन चार घ्यायचे की हिवाळी सेट आणि उन्हाळी सेट वेगळे? आणि ते खिळेवाले टायर असतात ते?

श्वाबन_रिटर्न
खिळेवाल्यांना जर्मनीत बंदी आहे, रस्ता खरवडला जातो. फिनलंड-स्वीडनला चालतात. जपानने तर रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीमुळे नव्वदच्या सुमारास बंदी आणली, आणि त्यामुळेच तिकडे बिनखिळ्यांचे आइस टायर इतके पुढे गेले. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक १९८८ चा, त्याच्या रबरात बारीक पोकळ्या असतात, आइसवरचा पाण्याचा पापुद्रा त्या शोषतात. याच ब्रिजस्टोनचा कारखाना आपल्या चाकणला आहे. आणि पहिला हिवाळी टायर फिनलंडच्या नोकियनने १९३४ मध्ये काढला, ट्रकसाठी.

आता तुमचा मुख्य प्रश्न. चिन्हवाले ऑल सीझन कायद्याला चालतात आणि वाईट नसतात. शहरात थोडंच फिरणं असेल, बर्फ पडला त्या दिवशी ट्रेनने ऑफिसला जाणार असाल, तर ते घ्या, मी अडवणार नाही. पण तुम्ही लहान मुलीला घेऊन श्वार्त्सवाल्डच्या डोंगरात जाणार, श्वेबिश आल्बचे डोंगर तर अर्ध्या तासावर आहेत, वीकएंडला आल्प्सकडे जाणार, आणि स्टुटगार्टमध्ये घर उतारावर मिळण्याची शक्यता भरपूर. माझं मत स्पष्ट आहे, वेगळा हिवाळी सेट घ्या. खर्च वाटतो तेवढा दुप्पट होत नाही, कारण एक सेट चालतो तेव्हा दुसरा झिजत नाही. तुमच्या साइजला चांगल्या ब्रँडचा हिवाळी टायर शंभर युरोच्या अलीकडे-पलीकडे पडतो, ही साइज तिकडे सगळ्यात जास्त खपणाऱ्यांपैकी आहे म्हणून. साध्या लोखंडी रिमवर बसवून घ्या, दर सहा महिन्यांनी रिमसकट चाक बदललं की टायर काढ-घाल होत नाही. ठेवायला जागा नसेल तर गॅरेजवाले थोडे पैसे घेऊन सीझनभर ठेवतात.

गाडी नोव्हेंबर २०१४ नंतर रजिस्टर झालेली असेल तर तिला टायर प्रेशरची सिस्टिम असणारच. चाकात सेन्सर असलेली असेल तर दुसऱ्या सेटलाही सेन्सर लागतात, तो खर्च आधी विचारा.

औंधकर
गाडी २०१६ ची आहे, विचारतो. ठरलं मग, लोखंडी रिमवर हिवाळी सेट, एच रेटिंग, आइसचं चिन्ह नसलं तरी चालेल, आणि ऑस्ट्रियासाठी नक्षी ४ च्या वर. मालकांना सांगितलंय की टायरचे पैसे किमतीतून कमी करा, ते तयार झाले. जुने काढून त्याच दिवशी लावून मगच गाडी ताब्यात घेतो. बुकिंग कधी करू?

श्वाबन_रिटर्न
आत्ताच करा, इथूनच. पहिला गारठा पडला की सगळं शहर एकाच आठवड्यात गॅरेजमध्ये जातं, मग तारीख मिळत नाही. बसवल्यावर ५० किमी झाले की नट परत टॉर्क रेंचने तपासून घ्या, बिलावरच लिहिलेलं असतं.

नानापेठ_टायरवाले
नव्या टायरवर पहिले काही दिवस जोरात ब्रेक मारू नका, वरचा गुळगुळीत थर जायला वेळ लागतो. आणि नक्षीला दिशा असेल तर बाणाची खूण बघून लावलाय का ते स्वतः बघून घ्या.

औंधकर
बघतो काका. दिवाळीनंतर तिथून फोटो टाकतो.